देवमासा, दोन पंखे आणि दारातली पिकअप

डेट्रॉइटच्या उपनगरांत राहायला आलं की घरांपुढच्या सिमेंटवरचे डाग वाचायला माणूस आपोआप शिकतो. काळा डाग इंजिन ऑइलचा. हिरवट किंवा नारिंगी असेल तर कूलंटचा. आणि लालसर, बोटावर घेतला तर पातळ लागणारा डाग ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचा, म्हणजे एटीएफचा. ही लाली तेलाची जन्मजात नव्हे. तेल मुळात फिकट मधाच्या रंगाचं. लाल रंग मुद्दाम मिसळलेला, गळती कुठली ते वाकून बघताच कळावं आणि इंजिनच्या तेलाशी गल्लत होऊ नये म्हणून.

शेजारच्या आजोबांच्या दारात असा डाग दर दोन उन्हाळ्यांनी ताजा होतो. त्यांची पिकअप 1990 च्या दशकातली, मागे बोट जोडून तळ्यावर नेण्यासाठी ठेवलेली. ओझं ओढलं की गिअरबॉक्स तापतो, आणि उष्णता या तेलाची वैरीण. जुन्या मेकॅनिकांचा ढोबळ आडाखा असा की सुमारे 80 अंश सेल्सिअसच्या वर दर 11 अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून आजोबा ते स्वतः बदलतात आणि मी बॅटरी धरायला जातो. लहानपणी वडिलांनी स्कूटर उघडली की माझ्याकडे जे काम असे, तेच.

गाडी चार घोड्यांवर चढवलेली असते. खाली चेंबर, त्याला 16 बोल्ट, आणि तेल सोडायला नट नाहीच. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांना तो नसे. मग तीन बाजूंचे बोल्ट काढायचे, चौथीचे नुसते सैल करायचे आणि पॅकिंगला चिकटून बसलेला चेंबरचा एक कोपरा हलकेच सोडवायचा. तेल त्या कोपऱ्यातून परातीत उतरावं अशी अपेक्षा असते. ते तिन्ही बाजूंनी उतरतं आणि एक धार कोपरापर्यंत बाहीत जाते. जवळ मांजरासाठी मिळणाऱ्या वाळूची पिशवी तयार असते. सांडलेलं तेल शोषायला अख्खी अमेरिका तीच वापरते. एवढं करून हाती येतं पाच क्वार्टच्या आसपास, म्हणजे पाच लिटरांना थोडं कमी. आत एकूण असतं अकराच्या आसपास. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरच्या पोटात राहतं आणि नव्या तेलात विरजणासारखं मिसळतं. एके काळी कन्व्हर्टरलाही तेल सोडायचा नट असे. बऱ्याच गाड्यांतून तो 1970 च्या दशकात गेला.

हा कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद द्रवातून पलीकडे पोचवणारा डबा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या घराण्याचं आजोळ, आणि ते समुद्रावरचं आहे. जर्मनीत श्टेटीनच्या व्हल्कान गोदीत हेरमान फ्योटिंगर नावाचा इंजिनिअर होता. वाफेची टर्बाइन फार जोरात फिरते, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरला तरच पाण्याला ढकलू शकतो. दोघांच्या मध्ये दातेरी चक्रं न घालता काम कसं भागवायचं? फ्योटिंगरने 1905 मध्ये पेटंट घेतलं ते द्रवाच्या जोडणीचं. समोरासमोर दोन टेबलफॅन ठेवा, एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी द्रव घाला आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात कोंडा, की झाली फ्योटिंगरची जोडणी. धातूला धातू लागत नाही, ताकद मात्र पलीकडे पोचते.

दुसरी शाखा खास अमेरिकी, आणि थेट फोर्डच्या मॉडेल टी गाडीपर्यंत जाते. 1908 साली आलेल्या या गाडीत गिअर बदलण्यासाठी ग्रहमालेसारखी चक्रं होती. त्यांच्या ड्रमभोवती पट्टे आवळायचे, पायाने पॅडल दाबून. हाताने दांडा खेचत दाते जुळवण्याचा खटाटोप नाही. पट्टे झिजत, शेतकरी ते स्वतःच बदलत. तेल मात्र वेगळं नव्हतंच. इंजिन आणि गिअर एकाच तेलात न्हात. त्यामुळे आमच्या लाल तेलाचा आजोबा शोधू गेलं तर तो साधं इंजिन ऑइलच निघतो.

या दोन शाखांचं लग्न जनरल मोटर्सने लावलं. अर्ल थॉम्सन यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने द्रवाची जोडणी पुढे, ग्रहमालेची चक्रं मागे आणि सगळ्यांवर तेलाच्या दाबाचा हुकूम, अशी रचना केली. नाव हायड्रामॅटिक. 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांवर ती 57 डॉलर जादा देऊन मिळू लागली. क्लचचं पॅडल गेलं. हेच थॉम्सन आधी सिंक्रोमेशचे जनक, म्हणजे हाताने गिअर टाकणं सोपं करणारे. ते काम सोपं करून झाल्यावर त्यांनी ते रद्दच करायला घेतलं. मग युद्ध आलं. एम5 स्टुअर्ट रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनं आणि दोन हायड्रामॅटिक बसले. युद्धानंतरच्या जाहिरातींत हा गिअरबॉक्स रणांगणात पारखलेला म्हणून मिरवला.

आता तेलाची खरी अडचण इथून सुरू होते. इंजिनच्या तेलाला एकच धर्म: घसरव. हायड्रामॅटिकच्या तेलाकडे किती कामं आली पाहा. पंख्यांमध्ये ताकद वाहून नेणं, दाब पोचवून व्हॉल्व्ह हलवणं, चक्रं थंड ठेवणं, त्यांना वंगण देणं. यांत शेवटी एक उलटं काम: चकत्या धरणं. आत कागदासारख्या अस्तराच्या आणि पोलादाच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात, तेलात बुडालेल्या. गिअर बदलायची वेळ आली की त्या एकमेकींवर दाबल्या जातात. आधी घसरतात, मग मंदावतात, मग एकजीव होतात. शेवटच्या क्षणी, घसरणं जवळपास थांबलेलं असताना, घर्षण एकदम वाढलं तर गाडी हिसका देते, कधी किंचाळते. घर्षण कमीच राहिलं तर चकत्या घसरतच राहतात आणि जळतात. म्हणजे एकाच तेलाने घसरवायचंही आणि धरायचंही, आणि दोन्हींच्या मधला क्षण बसणाऱ्याला कळू न देता पार पाडायचा. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास म्हणजे या एका क्षणाची गोष्ट आहे.

सुरुवातीला हे तेल जनरल मोटर्सच्या डीलरकडेच मिळे. 1949 मध्ये कंपनीने त्याची कसोटी जाहीर केली. नाव 'टाइप ए'. कुठल्याही तेल कंपनीने बनवावं, शिकागोच्या आर्मर रिसर्च फाउंडेशनकडून तपासून घ्यावं आणि डब्यावर 'एक्यू-एटीएफ' नंबर छापावा. घरी तेल बदलण्याची प्रथा कधी जन्मली म्हणून कोणी विचारलं तर मी या डब्याकडे बोट दाखवीन. पेट्रोल पंपावरच्या फळीवर तो दिसू लागला त्या दिवशी गिअरबॉक्स डीलरच्या हातून निसटला. पिकअपही लवकरच या कुळात आल्या. 1953 च्या फोर्ड एफ-100 वर फोर्डोमॅटिक घेता येऊ लागला, पुढच्या वर्षी शेव्हरलेच्या पिकअपवर हायड्रामॅटिक. शेतावर आणि बांधकामावर जाणाऱ्या गाडीला असल्या शहरी चैनीची गरज काय, असं म्हणणारे तेव्हाही असणारच.

त्याच 1953 च्या ऑगस्टमध्ये लिव्होनियाचा हायड्रामॅटिक कारखाना जळून खाक झाला. ते गाव इथून गाडीने थोड्याच अंतरावर. वेल्डिंगची ठिणगी आगीला कारण झाली. जनरल मोटर्सने मग विलो रनचा अवाढव्य कारखाना घेतला. युद्धात फोर्डने तो बी-24 विमानांसाठी उभारला होता. तोवर कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलना ब्यूइकचा डायनाफ्लो उसना घ्यावा लागला.

पण त्या एका क्षणाचं काय? त्याचं उत्तर समुद्रातून आलं. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या प्रचंड डोक्यात एक तेल असतं. रसायनाच्या भाषेत ते तेल नव्हेच, पातळ मेण आहे. त्याचे लांब रेणू धातूच्या पृष्ठभागाला लव चिकटावी तसे चिकटतात. भारी दाबाखाली इतर तेल पिळून निघून जातं, ही लव टिकते. त्यामुळे घसरण्यातून धरण्यात जाताना झटका बसत नाही. 1957 च्या सुधारित टाइप एमध्ये आणि 1967 मध्ये आलेल्या जनरल मोटर्सच्या पहिल्या डेक्सरॉनमध्ये हे व्हेलचं तेल मिसळलेलं होतं. कोकण किनाऱ्यावर 'व्हेलची उलटी' घेऊन जाताना कोणी पकडला गेल्याची बातमी येते ना, ती अंबरग्रीस याच माशाची. फोर्डने त्याच 1967 मध्ये उलट वाट धरली. त्यांच्या 'टाइप एफ' तेलात अशी मऊ लव घालतच नसत. चकत्या खाडकन धरल्या गेल्या तरी चालतील, म्हणून गिअरबॉक्सची घडणही तशी. साहजिकच एकाचं तेल दुसऱ्यात गेलं की एक घसरे नाहीतर दुसरा हिसके देई, आणि गॅरेजवाल्यांच्या तोंडी डब्यावरचं नाव आधी वाचायचा मंत्र बसला.

मग 1970 साली अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि त्याच्या तेलाची आयात बंद झाली. देशातलं शेवटचं व्हेल-केंद्र, कॅलिफोर्नियातल्या रिचमंडचं, 1971 मध्ये बंद पडलं. लोकांना वाटे की व्हेलच्या तेलाचा जमाना रॉकेलच्या दिव्यांनी संपवला. प्रत्यक्षात माणूस चंद्रावर चालत होता तेव्हा खाली दारात उभ्या गाड्यांच्या पोटात देवमासा होता. पर्यायी रसायनांवर बेतलेलं डेक्सरॉन-2 1973 च्या गाड्यांसाठी आलं. ते सहज जमलं नाही. त्याचं पहिलं रूप रेडिएटरमधल्या तेलाच्या कूलरचे डाख खाऊ लागलं, ते दुरुस्त करावं लागलं. पाणी, उष्णता, गंज आणि घर्षण अशा चार पोरांना एकाच पांघरुणात झोपवण्याचा तो प्रकार. एकाकडे ओढलं की दुसरा उघडा पडे.

याच शोधात होहोबाचं नाव पुढे आलं. ॲरिझोना आणि मेक्सिकोच्या वाळवंटातलं हे काटक झुडूप. त्याच्या बियांत वजनाच्या जवळपास निम्मं पातळ मेण, व्हेलच्या मेणाचं जवळचं नातेवाईक. एक गंमत इथे सांगायलाच हवी. 'स्पर्म व्हेल' हे नाव पडलं कारण दर्यावर्दींना त्याच्या डोक्यातला पांढुरका द्रव वीर्य वाटला. आणि होहोबाचं शास्त्रीय नाव 'चायनेन्सिस', म्हणजे चीनचं. नमुन्याच्या चिठ्ठीवरचं कॅलिफोर्नियाचं संक्षिप्त रूप 'चायना' म्हणून वाचलं गेलं, असं सांगतात. या मेणाचे दोन्ही पुरवठादार चुकीच्या नावाने जन्मभर वावरले. होहोबा पुढे बहुतेक शाम्पूच्या बाटलीत गेला ते वेगळं.

त्यानंतरची वंशावळ भराभर वाचली तरी चालते. डेक्सरॉन-3, डेक्सरॉन-6, फोर्डचं मर्कॉन आणि त्याची भावंडं, क्रायस्लरचं एटीएफ+4, टोयोटाचं डब्ल्यूएस. एकूण कल पातळ तेलाकडे, कारण पातळ तेल ढवळायला इंधन कमी लागतं. फोर्ड आणि जनरल मोटर्स या जन्माच्या वैऱ्यांनी एकत्र बसून दहा गिअरांचा गिअरबॉक्स केला. 2017 च्या एफ-150 मध्ये तो आला, तेव्हा त्याचं तेल जुन्या डेक्सरॉन-3 पेक्षा कितीतरी पातळ होतं.

तेल टिकाऊ झालं तशी डिपस्टिक आखडत गेली. आधी ती बॉनेट उघडताच समोर, लांबलचक नळीत, ऐटीत असे. नवं तेलही त्याच नळीत नरसाळं लावून ओततात. क्रायस्लरच्या काही गाड्यांत नळी राहिली पण आत काडी नाही, आणि टोपणावर 'फक्त डीलरच्या वापरासाठी' असं छापलेलं. टोयोटाच्या अनेक गाड्यांत नळीही नाही. तिथे तेल ठरलेल्या तापमानाला आणून खालचा नट उघडायचा आणि जादाचं तेल थेंबाथेंबाने पडेपर्यंत वाट बघायची. एफ-150 च्या नव्या गिअरबॉक्सला काडी आहे, पण गिअरबॉक्सच्याच कुशीत, गरम एक्झॉस्टच्या शेजारी. माहीत असलेल्यालाच ती सापडते. 'जन्मभराचं तेल' हा शब्दप्रयोगही याच काळातला. जन्म कोणाचा, तेलाचा की वॉरंटीचा, हे तो स्पष्ट करत नाही. 1949 मध्ये डीलरकडून बाहेर आलेलं तेल पुन्हा आत जाऊन बसायच्या बेतात आहे, असं मला वाटतं. आजोबांना हे पटत नाही. त्यांच्या मते लोकांचे गुडघे दुखतात आणि दोष डिपस्टिकला लागतो.

चेंबर खाली आला की ते आधी तळाचं लोहचुंबक बघतात. त्यावर राखाडी मऊ लगदा असेल तर ठीक. तो झिजलेल्या पोलादाचा पीठ झालेला चुरा. बोटात टोचणारे कण असतील तर घरात शांतता पसरते. या वेळी लगदाच होता. फिल्टर ओढला तर त्याच्या मानेचं जुनं सील वरच अडकून राहिलं. ते पातळ हुकाने कुरतडून काढताना त्यांनी मला दोनदा बॅटरी नीट धरायला सांगितलं. पॅकिंग रबर चढवलेलं, पुन्हा वापरता येणारं. पुसून परत लावलं. बोल्ट आवळताना लांब पाना घेऊ देत नाहीत, कारण चेंबरचा पत्रा वाकतो.

निघालेलं जुनं तेल त्यांनी दुधाच्या रिकाम्या कॅनांत ओतलं. कॅन चार क्वार्टचा. एक गळ्यापर्यंत भरला, दुसऱ्यात तळाशी चार बोटं. हेच त्यांचं माप. तेवढंच नवं डेक्सरॉन-6 नरसाळ्यातून आत गेलं. मग इंजिन चालू करून ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी दांडा पार्कपासून खालपर्यंत आणि परत वर नेला, प्रत्येक खुणेवर क्षणभर थांबत. मी काडी ओढून फडक्याने पुसली, परत घातली, पुन्हा ओढली. तेल खुणेच्या जरासं खाली होतं. आजोबांनी आतूनच हाताने खूण केली: अर्धा कप.