आरोग्यसेवकांचे कार्यस्वास्थ्य : मोजमाप आणि सुधारणा

रुग्णालयाचा दर्जा ठरवताना खाटांची संख्या, यंत्रसामग्री, शस्त्रक्रियांचे प्रमाण आणि मृत्युदर या बाबी विचारात घेतल्या जातात. ही सेवा देणारे डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, कक्षसेवक आणि सफाई कामगार यांची स्वतःची स्थिती कशी आहे, याची पद्धतशीर नोंद मात्र क्वचितच ठेवली जाते. गेल्या काही दशकांत जगभरातील आरोग्य संस्थांचे लक्ष या उणिवेकडे वेधले गेले असून, कर्मचाऱ्यांचे कार्यस्वास्थ्य हा रुग्णसेवेच्या गुणवत्तेचाच एक भाग मानला जाऊ लागला आहे.

भारतात हा प्रश्न ऐरणीवर आला तो एका अत्यंत दुःखद घटनेमुळे. कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालयात ९ ऑगस्ट २०२४ रोजी एका पदव्युत्तर प्रशिक्षणार्थी महिला डॉक्टरवर अत्याचार करून तिची हत्या झाल्याचे उघडकीस आले. रात्रीच्या कामादरम्यान ही डॉक्टर विश्रांतीसाठी चर्चासत्र कक्षात गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि २० ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कृती दल स्थापन केले. रात्रपाळीतील डॉक्टरांना विश्रांतीसाठी पुरेशी जागा नसणे, सलग ३६ तासांपर्यंत काम करावे लागणे आणि स्वच्छतागृहासारख्या मूलभूत सोयींचाही अभाव असणे, या बाबींचा न्यायालयाने आपल्या आदेशात उल्लेख केला.

संकल्पना

कार्यस्वास्थ्य म्हणजे केवळ आजार नसणे नव्हे. सुरक्षित कार्यस्थळ, पुरेशी विश्रांती, न्याय्य वागणूक, सहकाऱ्यांचा आधार आणि आपल्या कामाला अर्थ आहे ही जाणीव, या सर्वांचा त्यात समावेश होतो. याच्या विरुद्ध टोकाची अवस्था ‘बर्नआउट’ या नावाने ओळखली जाते. न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये दवाखान्यातील कार्यकर्त्यांच्या संदर्भात या अवस्थेचे वर्णन केले. म्हणजे ही संज्ञा मानसशास्त्रात रूढ झाली तीच आरोग्यसेवेच्या अनुभवातून.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद ‘व्यवसायाशी निगडित स्थिती’ अशी केली आहे. ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि यशस्वीपणे न हाताळल्या गेलेल्या ताणाचा हा परिणाम आहे, असे त्यात म्हटले असून, त्याला वैद्यकीय आजार मानलेले नाही. हा भेद महत्त्वाचा आहे. आजाराचा उपचार रुग्णावर होतो, तर व्यवसायाशी निगडित स्थितीचे कारण व्यवसायाच्या रचनेत शोधावे लागते.

रुग्णसुरक्षेशी संबंध

कर्मचाऱ्यांवरील ताणाचे परिणाम रुग्णांपर्यंत पोहोचतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेवर सोपवलेल्या रुग्णांमध्ये एकाची भर पडली, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिकेला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली आढळते, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता. मनुष्यबळाची कमतरता परिचारिका आणि रुग्ण या दोघांनाही भोवते, हे या आकड्यांवरून दिसते.

आरोग्य व्यवस्थेच्या सुधारणेसाठी २००८ मध्ये अमेरिकेत तीन उद्दिष्टे मांडण्यात आली होती : रुग्णाला मिळणारा चांगला अनुभव, लोकसंख्येचे आरोग्य आणि खर्चावर नियंत्रण. थॉमस बोडेनहायमर आणि क्रिस्टीन सिन्स्की यांनी २०१४ मध्ये त्यात सेवा देणाऱ्यांच्या कार्यजीवनाच्या सुधारणेची भर घातली. हे चौथे उद्दिष्ट साधले नाही, तर पहिली तीन धोक्यात येतात, अशी त्यांची भूमिका होती.

मोजमापाची साधने

बर्नआउट मोजण्यासाठी सर्वाधिक परिचित असलेली प्रश्नावली क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तयार केली. तिच्यात २२ विधाने असून, भावनिक थकवा, रुग्णाकडे माणूस म्हणून पाहण्याची वृत्ती हरवणे आणि कार्यसिद्धीची जाणीव हे तीन घटक स्वतंत्रपणे मोजले जातात. तिन्ही घटकांच्या गुणांची बेरीज करून एकच आकडा काढणे या पद्धतीत अभिप्रेत नाही. ही प्रश्नावली वापरण्यासाठी शुल्क आकारले जाते.

डेन्मार्कमध्ये विकसित झालेली आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली कोपनहेगन प्रश्नावली विनामूल्य उपलब्ध आहे. तिच्यातील १९ प्रश्न वैयक्तिक, कामाशी संबंधित आणि सेवा घेणाऱ्यांशी संबंधित अशा तीन प्रकारच्या थकव्याचा वेध घेतात. जागतिक आरोग्य संघटनेचा पाच प्रश्नांचा निर्देशांक याहून सोपा आहे. मागील दोन आठवड्यांत मन किती प्रसन्न होते, झोपेतून उठल्यावर ताजेतवाने वाटले का, अशा स्वरूपाच्या प्रश्नांना ० ते ५ गुण दिले जातात. एकूण गुणांना चारने गुणून ० ते १०० या पट्टीवर निष्कर्ष काढला जातो.

अशी साधने निवडताना संस्थेने काही पथ्ये पाळणे आवश्यक असते. उत्तरे निनावी असावीत आणि लहान विभागाचे निष्कर्ष प्रसिद्ध करताना कोणाचीही ओळख उघड होऊ नये. प्रश्न कर्मचाऱ्यांच्या भाषेत असावेत. कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचारी यांना पाहणीतून वगळू नये. प्रतिसादाचे प्रमाणही निष्कर्षांसोबत जाहीर व्हावे, कारण सर्वाधिक थकलेल्या व्यक्तीला प्रश्नावली भरण्याइतकीही फुरसत नसते.

प्रश्नावलीपलीकडील नोंदी

मनःस्थितीविषयीच्या प्रश्नांतून समस्येची तीव्रता कळते, तिचे कारण कळतेच असे नाही. त्यामुळे रुग्णालयाच्या दप्तरात असलेल्या नोंदींचाही आधार घ्यावा लागतो. रिक्त पदे, राजीनामे, आजारपणाच्या रजा, नामंजूर झालेल्या रजा, ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त झालेले काम, सुई टोचून झालेल्या दुखापती आणि हिंसाचाराच्या घटना ही त्याची काही उदाहरणे होत. या नोंदी विभागवार आणि पाळीवार पाहिल्यास ताण नेमका कुठे साचतो आहे, हे स्पष्ट होते.

भारतीय वैद्यक संघटनेने ऑगस्ट २०२४ मध्ये केलेली ऑनलाइन पाहणी या दृष्टीने उल्लेखनीय आहे. तिच्यात ३,८८५ डॉक्टरांनी भाग घेतला. सुमारे ३५ टक्के डॉक्टरांनी रात्रपाळीत असुरक्षित किंवा अत्यंत असुरक्षित वाटत असल्याचे सांगितले, तर रात्रपाळीत विश्रांतीकक्ष उपलब्ध नसल्याचे ४५ टक्के डॉक्टरांनी नोंदवले. असुरक्षिततेची भावना दूर कशी करावी, हा प्रश्न प्रशासनाला अवघड वाटू शकतो. विश्रांतीकक्ष बांधणे, त्याला कडी बसवणे आणि तो कक्ष रुग्णविभागाजवळ असेल याची काळजी घेणे मात्र कोणत्याही अधिष्ठात्यांच्या आवाक्यातील आहे. पाहणीतील प्रश्न असे कृतीकडे नेणारे असले, तर उत्तरांचा उपयोग होतो.

भारतातील स्थिती

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या कृती दलाचा अहवाल २०२४ मध्ये सादर झाला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत २५,५९० पदवी विद्यार्थी, ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थी आणि ७,०३५ अध्यापक सहभागी झाले. आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सुमारे ३१ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी नमूद केले. आठवड्याला ६० तासांहून अधिक काम करावे लागत असल्याचे त्यांच्यापैकी सुमारे ४५ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. ही पाहणी स्वेच्छेने दिलेल्या उत्तरांवर आधारित असल्याने हे आकडे देशातील सर्व विद्यार्थ्यांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. तरीही प्रतिसाद देणाऱ्यांची संख्या पाहता त्यांकडे दुर्लक्षही करता येत नाही.

निवासी डॉक्टरांचे काम साधारणपणे दिवसाला सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त असू नये, असे केंद्र सरकारने १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत म्हटले होते. त्यानंतर ३२ वर्षांनी कृती दलाने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा आणि आठवड्यातून एक सुटी यांची शिफारस केली. कागदावरील नियम आणि प्रत्यक्ष पाळ्या यांत किती अंतर पडले आहे, हे या दोन आकड्यांतून दिसून येते. प्रत्यक्ष कामाच्या तासांची नोंदच होत नसेल, तर मर्यादेचे उल्लंघन सिद्ध करणेही शक्य होत नाही.

परिचारिकांच्या बाबतीत भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण विभागात तीन रुग्णांमागे एक, तर अन्य सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका अपेक्षित आहे. सार्वजनिक आरोग्य संस्थांसाठीच्या राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकांमध्ये रुग्णांबरोबरच कर्मचाऱ्यांच्या समाधानाचीही व्यवस्था असावी, अशी तरतूद आहे. म्हणजेच मोजमापाचा पाया देशात उपलब्ध आहे. त्यावर आधारित कृतीची सवय लागणे बाकी आहे.

रुग्णालयाच्या भिंतींबाहेर काम करणाऱ्यांचा विचारही या संदर्भात अपरिहार्य ठरतो. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून पुढे आलेल्या आशा स्वयंसेविकांची संख्या १० लाखांच्या घरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्यांचा गौरव केला. ठराविक पाळी आणि ठराविक कार्यालय नसलेल्या या स्त्रियांच्या थकव्याची नोंद रुग्णालयकेंद्री पाहणीत होत नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न

महाराष्ट्रात वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्तींवरील हिंसाचाराला प्रतिबंध करणारा कायदा २०१० पासून अस्तित्वात आहे. तरीही धुळे येथे डॉक्टरला झालेल्या मारहाणीनंतर मार्च २०१७ मध्ये राज्यातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि रुग्णसेवा विस्कळीत झाली. कोविड साथीच्या काळात, २०२० मध्ये, केंद्राने साथरोग कायद्यात दुरुस्ती करून आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी तीन महिने ते पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद केली. गंभीर दुखापत झाल्यास ही शिक्षा सात वर्षांपर्यंत वाढू शकते. कायद्याने शिक्षा होऊ शकते. अपघात विभागात रात्री नातेवाइकांची गर्दी आवरणारा प्रशिक्षित रक्षक मात्र रुग्णालयालाच नेमावा लागतो.

इंग्लंडमधील उदाहरण

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत २००३ पासून दरवर्षी कर्मचाऱ्यांची पाहणी घेतली जाते. २०२३ च्या पाहणीत ७ लाखांहून अधिक कर्मचारी सहभागी झाले. कामाचा ताण, सहकाऱ्यांची वागणूक, छळ, हिंसाचार आणि चूक निदर्शनास आणून देण्याचे स्वातंत्र्य यांविषयी प्रश्न विचारले जातात. निष्कर्ष संस्थावार प्रसिद्ध होतात, त्यामुळे एका रुग्णालयाची दुसऱ्याशी तुलना करता येते. या पाहणीमुळे सर्व समस्या सुटलेल्या नाहीत. तथापि वर्षानुवर्षे तेच प्रश्न विचारले जात असल्याने परिस्थिती सुधारते आहे की खालावते आहे, हे लपून राहत नाही.

सुधारणेचे मार्ग

डॉक्टरांच्या बर्नआउटवरील उपायांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यक्तीसाठीचे आणि संस्थात्मक असे दोन्ही प्रकारचे उपाय उपयुक्त ठरतात, असे त्यात आढळले. २०१७ मधील दुसऱ्या एका आढाव्यात संस्थात्मक उपायांचा परिणाम अधिक असल्याचे दिसून आले. योगवर्ग किंवा ताणव्यवस्थापनाची व्याख्याने उपयोगी पडू शकतात. परंतु ३० तास जागे असलेल्या डॉक्टरला ध्यानधारणेचे शिबिर देऊन झोपेची उणीव भरून निघत नाही.

कामाच्या तासांवरील मर्यादा हा संस्थात्मक उपायांपैकी प्रमुख होय. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन या १८ वर्षांच्या तरुणीच्या मृत्यूनंतर निवासी डॉक्टरांच्या थकव्याचा प्रश्न चर्चेत आला. त्या राज्याने १९८९ मध्ये आणि पुढे संपूर्ण अमेरिकेतील प्रशिक्षण संस्थांनी २००३ मध्ये आठवड्याला ८० तासांची मर्यादा स्वीकारली. तास कमी करताना एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे रुग्णाची माहिती अचूक सोपवण्याची व्यवस्थाही करावी लागते, अन्यथा नवे धोके निर्माण होतात. परिचारिकांसाठी कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये संमत केलेल्या कायद्याद्वारे रुग्णांचे किमान प्रमाण ठरवले आणि २००४ पासून ते अमलात आणले.

भावनिक आधाराचे संस्थात्मक रूपही उपलब्ध आहे. बॉस्टनमध्ये सुरू झालेल्या ‘श्वार्ट्झ राउंड्स’ या उपक्रमात सर्व स्तरांतील कर्मचारी एकत्र येऊन रुग्णसेवेतील भावनिक अनुभवांची चर्चा करतात. उपचार घेतल्यास नोकरीला बाधा येईल, ही भीती दूर करणेही तितकेच आवश्यक असते. न्यूयॉर्कमधील डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी कोविड साथीदरम्यान एप्रिल २०२० मध्ये आत्महत्या केल्यानंतर, त्यांच्या नावाने अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये आरोग्यसेवकांच्या मानसिक आरोग्यासाठी कायदा करण्यात आला. भारतात १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीसह विविध भाषांत समुपदेशन विनामूल्य मिळते. आरोग्यसेवकही तिचा लाभ घेऊ शकतात.

मोजणी, कृती आणि पुन्हा मोजणी

या सर्व अनुभवांतून एक साधा क्रम पुढे येतो. प्रथम मोजणी करावी, निष्कर्ष कर्मचाऱ्यांसमोर ठेवावेत, त्यांच्याशी चर्चा करून एक किंवा दोन अडथळे निवडावेत, ते दूर करण्याची जबाबदारी आणि मुदत निश्चित करावी आणि त्यानंतर त्याच प्रश्नांनी पुन्हा मोजणी करावी. उत्तरे घेऊन काहीच केले गेले नाही, तर पुढच्या वेळी प्रामाणिक उत्तरे मिळत नाहीत आणि उरलासुरला विश्वासही नाहीसा होतो.

कार्यस्वास्थ्याचे मोजमाप त्यामुळे अखेरीस काही साध्या प्रश्नांपाशी येऊन थांबते. रात्रपाळीतील परिचारिकेकडे किती रुग्ण होते? निवासी डॉक्टर किती तास सलग जागा होता? विश्रांतीकक्षाच्या दाराला आतून कडी आहे का? मागील पाहणीत जे सांगितले गेले, त्यातील काय बदलले? या प्रश्नांची उत्तरे जी संस्था नियमितपणे नोंदवते आणि आपल्या कर्मचाऱ्यांना दाखवते, तिथे सुधारणेला खऱ्या अर्थाने प्रारंभ होतो.