एका झडपेची हकिगत

श्रोतेहो, औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला आणि तिथे लोखंडी नांगर घडू लागले. तेव्हा यंत्र ही वस्तू आपल्या मुलखाला परकी नव्हे. नांगराचा एक बोल्ट निसटला की दिवसाची नांगरट खोळंबते, हे तुम्हांला मी काय सांगावे? आजची हकिगत आहे ती अशाच एका बारीक भागापायी समुद्रात बुडालेल्या उपग्रहाची.

१० ऑगस्ट १९७९. आंध्रच्या किनाऱ्यावरील श्रीहरिकोटा बेटावरून आपले पहिले उपग्रहवाहक रॉकेट, एस.एल.व्ही.-३, उडाले. उंची २२ मीटर, वजन १७ टन, एकावर एक असे चार टप्पे. टोकाला ३५ किलोंचा 'रोहिणी' उपग्रह. त्याचे काम मुख्यतः रॉकेट कसे चालते ते मोजण्याचे.

चारही टप्प्यांत घन इंधन होते. या इंधनाच्या कामात कोल्हापुरात शिकलेल्या डॉ. वसंतराव गोवारीकरांचा वाटा मोठा. घन इंधन म्हणजे दिवाळीतल्या बाणासारखे. पेटले की आवरता येत नाही. म्हणून रॉकेटला वळण लावणारी यंत्रणा वेगळी लागते. दुसऱ्या टप्प्यात हे काम आम्लावर चालणाऱ्या छोट्या झोतांचे होते. उड्डाणाला आठ मिनिटे असताना आम्लाच्या टाकीची झडप उघडली, आणि कचरा अडकल्याने ती मिटलीच नाही. आम्ल गळून गेले. पहिला टप्पा झकास चालला. दुसऱ्याला मात्र सुकाणूच उरले नाही. ३१७ सेकंदांत सारे बंगालच्या उपसागरात!

पैसा पाण्यात गेला, असे कुणी म्हणेल. गेला खरा, ते नाकारू नये. प्रकल्पाचे प्रमुख होते अब्दुल कलाम. पण पत्रकारांपुढे गेले ते संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन, आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० रोजी दुसरा रोहिणी कक्षेत पोचला, तेव्हा त्यांनी कलामांनाच पुढे धाडले. कलाम ही गोष्ट पुढे आयुष्यभर सांगत राहिले. आम्हां मास्तर लोकांना झडपेइतकीच हीही गोष्ट वर्गात सांगण्याजोगी वाटते.

आणि संरक्षणाचे काय? २२ मे १९८९ रोजी 'अग्नि' क्षेपणास्त्राची पहिली चाचणी झाली. त्याचा खालचा टप्पा याच एस.एल.व्ही.-३ च्या पहिल्या टप्प्यावरून घेतलेला होता.