फेराइट म्हणजे काय? चार्जरमधला काळा तुकडा ते मॅग्नेटोइलेक्ट्रिक संमिश्र

मोबाईलच्या चार्जरमध्ये तांब्याच्या तारेच्या गुंडाळीला धरून एक काळा तुकडा असतो. तो लोहचुंबकाला चिकटतो, पण आपटला की कपासारखा फुटतो. हाच फेराइट. मी हे मोडनिंबहून लिहितोय. आमच्या सोलापूर जिल्ह्यातली कॉलेजं २००४ पर्यंत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती, आणि तिथे फेराइटवर वर्षानुवर्षं संशोधन झालंय. म्हणजे विषय तसा घरचाच!

लोखंड का नाही?
चार्जरमधला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा बदलतो. एवढ्या वेगाला लोखंडात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि ते तापतं. फेराइट सिरॅमिक असल्याने त्यातून वीज सहज वाहत नाही. १९३० मध्ये टोकियोत काटो आणि ताकेई यांनी तो शोधला. १९३५ मध्ये त्यासाठीच टीडीके कंपनी निघाली.

कसा बनवतात?
१. लोह, निकेल, झिंक यांची ऑक्साइडं अचूक वजन करून घ्यायची.
२. अ‍ॅगेटच्या खलात तासन्‌तास घोटायची.
३. साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजायची.
४. पुन्हा घोटून, दाबून गोळी करायची आणि ११०० ते १२०० अंशांना पक्की भाजायची.

मग एक्स-रे तपासणी. प्रत्येक स्फटिकाची शिखरं ठरलेल्या कोनांवरच येतात. अनोळखी शिखर दिसलं, तर समजायचं काहीतरी भेसळ राहिली.

दोन पदार्थांची जोडी
कोबाल्ट फेराइट चुंबकीय क्षेत्रात किंचित आकार बदलतो. बेरियम टायटॅनेट दाबला की व्होल्टेज देतो. दोघांना एकत्र भाजलं की चुंबकापासून ताण आणि ताणापासून व्होल्टेज मिळतं. एकट्याला हे जमत नाही. १९७२ मध्ये फिलिप्सच्या संशोधकांनी ही कल्पना मांडली. खरी कसरत प्रमाणाची आहे. फेराइट कमी पडला तर ताण पुरत नाही. जास्त झाला तर त्याचे कण एकमेकांना जोडले जातात आणि चार्ज गळून जातो.

मग चुंबकाने मोबाईल चार्ज होईल?
नाही! अशा भाजलेल्या मिश्रणाचं मोजमाप मिलिव्होल्ट प्रति सेंटीमीटर प्रति ओर्स्टेड या एककात होतं. मोबाईलला साधारण ५ व्होल्ट लागतात. या पदार्थांचा खरा उपयोग बारीक चुंबकीय क्षेत्र ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये आहे. ‘फुकट चार्जिंग’चा व्हिडिओ दिसला, तर मी आधी एकच विचारतो: व्होल्ट की मिलिव्होल्ट? तुम्हीही विचारा.