टोपीखालचा बुचडा

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून काही जणांच्या चेहऱ्यावर हसू आलेलं दिसतंय. घोड्यावर बसताना लांब केस टोपीखाली कसे बसवायचे, हा काय इतिहासाचा विषय झाला? पण वाशीहून बेलापूरला पाम बीच रस्त्याने स्कूटरवर रोज जाणाऱ्या मुलींना विचारा. हेल्मेट घालायचं म्हटलं की वेणीचं काय करायचं, हा प्रश्न आधी येतो. घोड्यावरही तोच प्रश्न आहे, फक्त तिथे झटके जास्त बसतात आणि पडलो तर उंचावरून पडतो.

आधी साधी गोष्ट सांगून टाकू. घोडेस्वारीची आजची टोपी म्हणजे कडक कवच. ती डोक्यावर आडवी, सपाट बसली पाहिजे. कपाळ झाकलं पाहिजे, मागे कलता कामा नये. आपण केसांचा उंच अंबाडा घातला की टोपी वर उचलली जाते, हनुवटीखालचा पट्टा कितीही आवळला तरी डुगडुगते, आणि पडताना नेमकी सरकते. म्हणून केस मानेवर, अगदी खाली बांधायचे, सैलसर वेणी घालायची, ती दुमडून चपटी करायची आणि वरून बारीक जाळी ओढायची. कानावरून केस नेले तरी ते चापूनचोपून बसवायचे. आकडे, चाप, टोकदार पिना डोक्यावर ठेवायच्या नाहीत, पडल्यावर त्याच आधी रुततात. टोपी विकत घ्यायला जाताना केस रोजच्या स्वारीसारखे बांधून जायचं, हे तर बहुतेक जण विसरतातच.

आता दोनशे वर्षं मागे जाऊ. मराठी घोडेस्वाराच्या डोक्यावर पागोटं असायचं. पुरुषांची डोकी त्या काळात बरीचशी भादरलेली, मधे शेंडी किंवा घेरा, त्यामुळे पागोटं घट्ट बसायला अडचण नव्हती. शिवाय पागोटं हे कापड आहे. ते डोक्यावरच बांधायचं असतं, म्हणजे ज्याचं जसं डोकं तसं ते होतं. (पगडी निराळी, ती आधी बांधून तयार ठेवलेली असते. आपण बोलताना दोन्हींची सरमिसळ करतो.) कापडाच्या घड्यांवर तलवारीचा वारही थोडाफार अडत असे. पण कमरेपर्यंत केस असलेली बाई घोड्यावर बसली तर?

याचं उत्तर आपल्या अगदी शेजारच्या माणसाने लिहून ठेवलंय. पनवेल ओलांडून पेणच्या बाजूला गेलं की वरसई गाव लागतं. तिथले विष्णुभट गोडसे हे भिक्षुक. घरावर कर्ज झालं होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असं ऐकून ते उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या गदारोळात सापडले. झाशीत राहिले, वेढा पाहिला, पुढे सगळं मोडीत लिहून काढलं. चिंतामणराव वैद्यांनी ते ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली छापलं.

गोडसे भटजींची नजर कपड्यालत्त्यावर फार बारीक. आम्हाला ते या कारणासाठी दरबारी बखरकारांपेक्षा जास्त आवडतात. लक्ष्मीबाई कधी पुरुषवेशात असत, कधी स्त्रीवेशात, असं ते सांगतात. पुरुषवेशात पायजमा, अंगात बंडी, डोक्याला टोपी आणि त्या टोपीवर पागोटं, कमरेला दुपेटा आणि त्यात तलवार. स्त्रीवेशात असल्या की केसांचा बुचडा.

हे दोन तपशील शेजारी ठेवून बघा. टोपी आणि वर पागोटं, असे दोन थर का? आमचा तर्क असा की आतली टोपी केस दाबून धरत असणार आणि वरचं पागोटं त्या टोपीला जागेवर ठेवत असणार. आज मुली आधी जाळी आणि मग हेल्मेट घालतात ना, तसंच. आणि बुचडा हा मानेलगतचा, सुटसुटीत प्रकार. उंच खोपा असता तर पागोटं बांधणं जिकिरीचं झालं असतं. चित्रपटांत आणि कॅलेंडरांवर राणीचे केस वाऱ्यावर उडतात ते सोडून द्या. मोकळे केस तोंडावर घेऊन लगाम आणि तलवार सांभाळता येत नाही, हे कुणीही घोडेस्वार सांगेल.

पण थांबा. ते केस मुळात तिथे असायलाच नको होते. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधररावांचं निधन झालं. ब्राह्मण घराण्यातल्या विधवेने केशवपन करायचं, ही तेव्हाची रीत. बाईंनी ते केलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्या नित्य प्रायश्चित्त घेत असत, असं गोडसेच लिहितात. म्हणजे एकीकडे केसांबद्दल प्रायश्चित्त आणि दुसरीकडे त्याच केसांवर टोपी घालून घोड्यावर मांड. पुढे काळपीच्या वाटेवर गोडस्यांना त्या धुळीने माखलेल्या, पठाणी वेशात भेटल्या, तेव्हाही विधवेच्या धर्माचा विषय त्यांच्या बोलण्यात आलाच. घोड्यावर असतानाही तो प्रश्न सुटलेला नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी, १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हावी मंडळी एकत्र आली आणि विधवांची डोकी भादरणार नाही असं त्यांनी ठरवलं. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवला. आमच्या मते ही सभा शाळेच्या पुस्तकात राणीच्या धड्याइतकीच ठळक छापायला हवी.

ज्या बायजाबाईंच्या यज्ञाला गोडसे निघाले होते, त्या स्वतः पट्टीच्या घोडेस्वार. कागलच्या घाटग्यांची लेक. १८३५ साली त्या फत्तेगडला होत्या तेव्हा फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई त्यांच्या छावणीत ये-जा करत असे. तिने एका अंगाला दोन्ही पाय सोडून बसायची इंग्रजी पद्धत करून दाखवली, तर मराठी बायकांची चांगली करमणूक झाली. मग त्यांचं लुगडं नेसून पार्क्सबाई दोन्हीकडे पाय टाकून बसली आणि तिला तेच बरं वाटलं. कासोटा होताच, त्यामुळे आपल्या बायकांना स्वारीसाठी वेगळा झगा शिवावा लागला नाही.

विलायती स्वारीत मात्र बाईच्या डोक्यावर उंच टोपी, जाळीचा बुरखा आणि मागे बांधलेले केस असा थाट आला. दिसायला रुबाबदार, पण डोकं वाचवायला बिनकामाचा. ड्रेसाज या प्रकारात ती उंच टोपी अगदी परवापर्यंत चालत होती. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १ जानेवारी २०२१ पासून सगळ्यांना हेल्मेट सक्तीचं केलं तेव्हा ती गेली. तेव्हापासून तिथल्या बायकाही मानेवर बुचडा बांधून वर हेल्मेट चढवतात. माथेरानला मोटारी चालत नाहीत, घोडे चालतात. पुढच्या खेपेला तिथे घोड्यावर बसणार असाल तर वेणी आधीच खाली बांधून जा, आणि घोडेवाल्याने टोपी दिली तर पट्टा लावल्यावर मान एकदा जोरात हलवून बघा. टोपी सरकली, तर दुसरी मागा.