पूर्वनियोजन आणि इच्छास्वातंत्र्य (ख्रिस्ती धर्मविचार)

कोणाचे तारण व्हायचे हे देवाने सृष्टी घडण्याआधीच ठरवले आहे, असे ख्रिस्ती धर्म सांगतो. देवाच्या हाकेला ओ द्यायची की पाठ फिरवायची याचा जाब प्रत्येकाला द्यावा लागेल, असेही तोच सांगतो. पहिल्या शिकवणीला पूर्वनियोजन किंवा निवड म्हणतात, दुसरी इच्छास्वातंत्र्याची. दोन्हींना पवित्र शास्त्रात सारखाच भक्कम आधार असल्याने एकीला सोडून दुसरी धरण्याची सोय नाही. त्यांचा मेळ कसा लावायचा, हा चौथ्या-पाचव्या शतकापासून चालत आलेला वाद आहे.

मराठी वाचक, आणि विशेषतः बीडसारख्या सतत दुष्काळ सोसणाऱ्या जिल्ह्यातला वाचक, पूर्वनियोजन म्हणजे प्रारब्धच असे धरून चालतो. पाऊस दगा देतो, बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला जावे लागते, आणि 'नशिबात होतं' असे म्हटले जाते. इथे दोन फरक ध्यानात घ्यायला हवेत. पूर्वनियोजनाचा विषय तारण आहे. पाऊसपाणी, आजार, मिळकत यांचा विचार धर्मशास्त्र देवाच्या जगत्पालनाखाली वेगळा करते. शिवाय प्रारब्ध म्हणजे माणसाच्याच पूर्वकर्माचे पिकलेले फळ. निवड मात्र कोणत्याही कर्माच्या आधीची. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात पौल हेच ठासून सांगतो: याकोब आणि एसाव अजून जन्मले नव्हते, त्यांनी बरेवाईट काही केले नव्हते, तेव्हाच निवड झाली होती. कर्मसिद्धान्तात हिशेब तरी लागतो. इथे हिशेबच नाही, केवळ कृपा आहे. म्हणून ही शिकवण एकीकडे मोठा दिलासा देते आणि दुसरीकडे तितकीच भीती. मोलमजुरी करणाऱ्याच्या हालांना 'देवाने नेमलेले' म्हणणे हा तर या शिकवणीचा सरळ गैरवापर आहे.

प्रश्नाचे मूळ रूप मराठवाड्याला परके नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात ईश्वर सर्व भूतांना यंत्रावर बसवल्यासारखे फिरवतो असे सांगून, मधला एकच श्लोक सोडून, कृष्ण अर्जुनाला 'तुला वाटेल ते कर' म्हणतो. या गीतेवर अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (1551–1615) 'गीतार्णव' हा सव्वा लाख ओव्यांचा म्हणून ओळखला जाणारा टीकाग्रंथ रचला. नव्या करारात असाच जोड फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. आपले तारण भीत व कापत साधून घ्या, असे पौल लिहितो आणि लगेच कारण देतो, की तुमच्यात इच्छा उत्पन्न करणारा आणि ती कृतीत आणणारा देवच आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र एकाच वाक्यात म्हणतो, की येशू देवाच्या ठरलेल्या संकल्पाने धरून दिला गेला आणि त्याला मारणारे तुम्ही आहात.

वादाचा पहिला मोठा टप्पा ऑगस्टीन (354–430) आणि पेलागियस यांचा. आज्ञा पाळण्याचे सामर्थ्य माणसात आहे, असे पेलागियसचे म्हणणे. पापाने इच्छाच बांधली गेली आहे, कृपेने आधी ती मोकळी केल्याशिवाय ती देवाकडे वळत नाही, असे ऑगस्टीनचे. कार्थेजच्या 418 च्या परिषदेने पेलागियसचे मत नाकारले. 529 च्या ऑरेंजच्या परिषदेने कृपेचे अग्रस्थान मान्य केले, पण देव कोणाला दुष्टतेसाठी नेमतो हे म्हणणे स्पष्टपणे धिक्कारले. तत्त्वज्ञ बोएथियसने वेगळी वाट दाखवली: देव काळाबाहेर असल्याने त्याला सारे वर्तमानासारखे दिसते, आणि पाहणे म्हणजे भाग पाडणे नव्हे.

सोळाव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला. इरॅस्मसने 1524 मध्ये इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली. ल्यूथरने पुढच्याच वर्षी बद्ध इच्छेवर ग्रंथ लिहून उत्तर दिले. कॅल्व्हिनने (1509–1564) काहींची निवड जीवनासाठी आणि काहींची नाशासाठी, असा दुहेरी निर्णय मांडला. त्याला आर्मिनियसच्या अनुयायांनी हरकत घेतली. कृपा नाकारता येते, असे त्यांचे मत. डॉर्टच्या सभेने (1618–19) ते फेटाळले. कॅथलिक बाजूला ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्येच देवाने हलवलेली इच्छाही नकार देऊ शकते असे ठरवले होते, तरी जेझुइट आणि डॉमिनिकन या दोन धर्मसंघांत कृपेच्या कार्यपद्धतीवरून भांडण जुंपले. पोप पाचवा पॉल याने 1607 मध्ये कोणालाच पाखंडी न ठरवता ते थांबवले. त्यानंतर नऊच वर्षांनी गोव्यातल्या राशोल येथे जेझुइट थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. आदामाच्या पतनापासून ख्रिस्तापर्यंतची तारणकथा ओवीछंदात मराठीत आली, ती या पार्श्वभूमीवर.

प्रॉटेस्टंट मतांचे प्रवाह मराठी मुलखात वेगवेगळ्या वाटांनी आले. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला आले. ते न्यू इंग्लंडच्या कॅल्व्हिनवादी परंपरेतले. बीडच्या उत्तरेला जालना. 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री तिथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे काम करत, आणि जवळच त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. फ्री चर्चचे अधिकृत मतपत्र 1640 च्या दशकात तयार झालेले वेस्टमिन्स्टरचे. त्यात घडणारे सर्व देवाने नेमले आहे असे म्हणून, त्याच परिच्छेदात माणसाच्या इच्छेवर बळजबरी होत नाही अशी पुस्तीही जोडली आहे. उलट 1871 मध्ये मुंबईत आलेल्या विल्यम टेलरचे मेथडिस्ट हे वेस्लीच्या वळणाचे: कृपा सर्वांसाठी, स्वीकार प्रत्येकाचा. मूळ अमेरिकन मिशनतर्फे आलेले जॉर्ज बोवेन (1816–1888) पुढे याच मेथडिस्टांना मिळाले.

मात्र मराठी ख्रिस्ती विचाराचे खरे बळ मतपत्रांपेक्षा चरित्रांत दिसते. नारायण वामन टिळक (1861–1919) 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि हे वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते असंभव वाटले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत खरे ठरले, पण म्हणून भाकिताने त्यांना ओढून नेले असे कोणी म्हणणार नाही. मधल्या काळात त्यांनी वाचले, भांडले, प्रार्थना केली, आणि घर मोडणार हे पाहूनही पाऊल टाकले. बोएथियसचा मुद्दा याहून चांगल्या उदाहरणाने समजावता येईल असे वाटत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट दुसरे अंग दाखवते. पतीच्या बाप्तिस्म्याने त्या कोलमडल्या, काही वर्षे वेगळ्या राहिल्या, परत आल्यावरही सोवळे पाळत राहिल्या. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना कळते की जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतः झगडल्या आणि स्वतःच्याच उत्तराने मोकळ्या झाल्या. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याची निवड बायकोची झाली नाही. तिची तिलाच करावी लागली. जन्मानेच माणसाची जागा ठरवणाऱ्या समाजात या स्वातंत्र्याचे मोल मोठे होते, आणि माझ्या मते मराठी ख्रिस्ती मनाला नाशासाठीच्या निवडीपेक्षा सर्वांसाठीची कृपा जवळची वाटली त्याचे एक कारण हेच.

पंडिता रमाबाईंची (1858–1922) कबुली या दोन्हींच्या मधली आहे. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी विचारपूर्वक बाप्तिस्मा घेतला, पण धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे लिहिले. सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की तारण ही मिळवायची नव्हे, घ्यायची गोष्ट आहे. केवळ आपल्या निर्णयाने भागत नाही, हा ऑगस्टीनचा अनुभव त्यांनाही आला. त्यांच्यावर ज्यांचा प्रभाव पडला ते नेहेम्या (नीळकंठशास्त्री) गोरे (1825–1895) यांनी 'षड्दर्शनदर्पण' या हिंदी ग्रंथात कर्म अनादी असल्याच्या कल्पनेची कसून चिकित्सा केली होती: जिची सुरुवातच नाही, अशा कर्माची जबाबदारी कोणावर?

विसाव्या शतकात कार्ल बार्थने 1942 मध्ये मांडणीच बदलली. निवडला गेलेला आणि नाकारला गेलेला, दोन्ही ख्रिस्तच. इतरांची निवड त्याच्यात होते. त्यामुळे 'मी यादीत आहे का' ही जुनी भीती जागा सोडते, मात्र मग अविश्वासाचे काय, हा प्रश्न उरतोच.

आज बीड जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी आहे. इथले कॅथलिक 1977 मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतात. प्रॉटेस्टंटांपैकी काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकत्र आले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बाहेर राहिले. कॅल्व्हिन आणि आर्मिनियसचे वारस एका छपराखाली आले ते वाद निकालात काढून नव्हे. या चर्चने बालकाचा बाप्तिस्मा आणि समजत्या वयात विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा असे दोन्ही विधी मान्य केले. पहिल्यात बाळाने काही ठरवण्याआधीच देवाने त्याला आपले म्हटलेले असते, दुसऱ्यात माणूस मंडळीसमोर उभा राहून स्वतः होकार देतो. कोणता घ्यायचा हे त्या त्या कुटुंबाने ठरवायचे असते.