आजोबांची एरियल आणि विमानांचे आवाज

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त झालं भाच्याच्या फोनचं.

हा भाचा न्यू जर्सीत कॉलेजात शिकतो. परवा फोनवर म्हणाला, "मामा, मी विमानांचा रेडिओ ऐकायची अँटेना घरीच बनवली. पायलट आणि टॉवरचं बोलणं मस्त ऐकू येतं. डिसेंबरात वरंधला येतोय, तिथेही एक लावू या? कुठली लावू?" मी म्हटलं, "लिहून कळवतो." आता लिहायलाच बसलोय तर म्हटलं ब्लॉगवरच लिहावं. बाकीच्या नातेवाइकांनाही आपल्या घरावरची ती तार आठवेल.

ज्यांनी वरंध पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: महाडहून भोरला जाणारा रस्ता घाट चढायला लागतो, त्याच्या पायथ्याचं हे गाव. शिवथरघळ जवळच. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी. उन्हाळ्यात ती बघत बसावी आणि पावसाळ्यात ती दिसतच नाही, अशी.

तर आजोबांची एरियल. आमच्याकडे पहिला रेडिओ आला तेव्हा गावात वीज नव्हती. व्हॉल्व्हचा सेट, जाडजूड ड्राय बॅटरीवर चालणारा. पण खरा थाट तारेचा! घराच्या आढ्यापासून अंगणापलीकडच्या फणसापर्यंत तांब्याची तार ताणलेली. दोन्ही टोकांना चिनी मातीची अंड्यासारखी इन्सुलेटर. एक तार खाली सेटला आणि सेटमागून दुसरी 'अर्थ'ची तार न्हाणीमागच्या ओल्या जमिनीत. तिथे तांब्याचा पत्रा मीठ-कोळसा घालून पुरला होता. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की आजी आधी वाळवण उचलायची आणि आजोबा आधी एरियल काढायचे. ही वाटणी शेवटपर्यंत टिकली.

या तारेवर मुंबई लागायचं. १९५३ साली पुणे केंद्र सुरू झालं, तेही डोंगरापलीकडून लागायचं. मीडियम वेव्हच्या लाटा शेकडो मीटर लांब असतात आणि जमिनीला धरून चालतात. डोंगराला त्या फारशा बधत नाहीत. त्यामुळे तार कुठल्या दिशेला, किती फूट, याची चिंता नव्हती. जितकी लांब आणि उंच, तितकं बरं.

रेडिओबरोबर पोस्टातून मिळणारं लायसन्सचं पुस्तक असायचं. हल्लीच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं, पण ऐकायलाही परवाना लागायचा. १९३३ च्या वायरलेस कायद्याप्रमाणे रेडिओ संच नुसता घरात ठेवायलाही लायसन्स हवं होतं. ते घरगुती रेडिओपुरतं रद्द झालं १९८० च्या दशकात! सरकारला तारेची धास्ती का होती तेही समजण्यासारखं आहे. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच हौशी वायरलेसवाल्यांचे परवाने रद्द झाले. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवला, तर त्यांना सारखी घरं बदलावी लागली. नोव्हेंबरात पकडले गेलेच. प्रक्षेपण करणारी तार आपला पत्ता सांगते. ऐकणारी तार सांगत नाही, पण दिसते मात्र सगळ्या गावाला.

असो. मुद्दा विमानांचा.

बाबा एक गोष्ट सांगायचे. रात्री शॉर्ट वेव्हवर काटा फिरवताना दोन स्टेशनांच्या मधे कधी कधी एखादा घाईचा इंग्रजी आवाज यायचा, आकडे बोलायचा आणि गायब व्हायचा. आजोबा म्हणायचे, "बोटवाले असतील." मला आता जवळजवळ खात्री वाटते की त्यातले काही आवाज विमानांचे होते. समुद्रावरून जाणारी विमानं शॉर्ट वेव्हवर बोलत आणि अजूनही बोलतात. त्या काळी ही बोलणी साध्या एएम पद्धतीची असत, म्हणजे घरच्या सेटवर कळत. पुढे एसएसबी आली. ती साध्या रेडिओवर बदकाच्या भांडणासारखी ऐकू येते.

त्याआधी काय होतं? १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, तेव्हा त्या पस मॉथ विमानात रेडिओच नव्हता. ज्या मोठ्या विमानांत होता, त्यांतली काही विमानं उडाल्यावर खाली लांब तार सोडत. टोकाला शिशाचं वजन, आणि उतरायच्या आधी ती तार गुंडाळून घ्यायची. विसरलं की तुटली! म्हणजे आमच्या आजोबांची तार आणि विमानाची तार एकाच कुळातल्या. दुसऱ्या महायुद्धात व्हीएचएफ आलं, लाट दोन-अडीच मीटरची झाली आणि लांब तारेच्या जागी हातभर दांडी पुरू लागली.

आता भाच्याच्या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर. विमानांचं बोलणं चालतं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे एफएमचा काटा १०८ ला संपतो त्याच्या थोडं पलीकडे. पद्धत अजूनही एएमच. कारण साधं आहे. दोघे एकदम बोलले तर एएममध्ये शिट्टी वाजते आणि कुणीतरी दुसरंही बोलतंय हे कळतं. एफएममध्ये जोरदार आवाज दुबळ्याला गिळून टाकतो. मधला १२७ धरला तर लाट २.३६ मीटर, तिचा पाव भाग ५९ सेंटिमीटर. धातूत थोडं आखूड धरायचं, म्हणून ५६. एक उभी दांडी ५६ सेंटिमीटरची आणि तळाशी तेवढ्याच चार काड्या, छत्रीसारख्या तिरक्या खाली झुकवलेल्या. झाली अँटेना. दांडी उभीच हवी, कारण विमानांच्या लाटाही उभ्या असतात. दूरदर्शनच्या दिवसांत छपरावर होती तसली आडवी, एकाच दिशेला बघणारी अँटेना इथे कामाची नाही. ("आलं का?" "नाही, थोडं डावीकडे!" विमानाच्या मागे असं फिरत बसणार का?) महागडी घेण्यापेक्षा ही घरची बरी. पैसे केबलवर घाल आणि सांधा पावसापासून नीट बंद कर. आपल्याकडच्या पावसात लाटेचं काही बिघडत नाही. बिघडतो तो सांधा.

पण वरंधला ऐकू काय येईल? व्हीएचएफच्या लाटा साधारण नजरेसारख्या सरळ जातात. सपाट प्रदेशात साडेदहा किलोमीटर उंचीवरचं विमान चारशे किलोमीटरवरूनही ऐकू येतं. आपल्या घरी तसं नाही. समजा पूर्वेची रांग घरापासून चार किलोमीटरवर आणि घरापेक्षा सहाशे मीटर उंच आहे. मग त्या बाजूचं तेच विमान सत्तर किलोमीटरच्या आत आल्यावरच 'दिसणार'. मुंबईच्या टॉवरचं तर काहीच नाही. म्हणजे पायलट बोलेल आणि समोरचं उत्तर ऐकू येणार नाही. अर्धं संभाषण! फोनवर बोलणाऱ्या माणसाशेजारी बसल्यासारखं.

डोंगर आणि विमानाचा रेडिओ म्हटलं की मला १९६२ आठवतं. ७ जुलैच्या मध्यरात्रीनंतर बँकॉकहून मुंबईला येणारं अलिटालियाचं विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ माणसं होती, कुणी वाचलं नाही. रेडिओ बंद नव्हता. मुंबईशी बोलणं चालू होतं, खाली यायला परवानगीही मिळाली होती. आपण नक्की कुठे आहोत याचा पायलटचा अंदाज चुकला होता, आणि पावसाळी रात्री डोंगर दिसत नव्हता. ही गोष्ट भाच्याला मुद्दाम सांगतोय, कारण ते आकड्यांचं बोलणं नुसतं मजेचं नाही.

आणि कायदा. अमेरिकेत विमानांचं बोलणं ऐकायला मोकळीक आहे, आपल्याकडे नाही. जुन्या दोन कायद्यांच्या जागी आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला, पण दुसऱ्यांसाठी असलेलं बोलणं परवान्याशिवाय ऐकायची हौस त्यात बसत नाही. तेव्हा बाळा, तो रिसीव्हर तिथेच ठेव.

पण म्हणून तार लावायचीच नाही असं नाही. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या, तेव्हा दोन दिवस आम्ही मुंबईहून वरंधचा फोन फिरवत होतो. २२ जुलै २०२१ ला आपल्याच तालुक्यात तळीयेची दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली, आणि पुन्हा तेच. रस्ता नाही, वीज नाही, फोन नाही. वर हेलिकॉप्टरला ढग आडवे. त्या दिवसांत मला विमानातलं काही ऐकायचं नव्हतं. घरातलं कुणी बोललेलं ऐकायचं होतं.

हौशी रेडिओवाल्यांत एक जुनी युक्ती आहे. सात मेगाहर्ट्झच्या आसपास, वीस मीटर लांबीची तार, मधोमध तोडून तिथे केबल जोडलेली, मुद्दाम फार उंच न नेता आडवी ताणायची. तिच्यातून लाट जवळजवळ सरळ आभाळात जाते, वरच्या थरावरून परतते आणि दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत पावसासारखी खाली पडते. मधे डोंगर असला तरी फरक पडत नाही, कारण ती डोंगरावरून येत नाही, वरून येते. दिवसा हे चांगलं जमतं, रात्री वारंवारता खाली आणावी लागते. सेट गाडीच्या बॅटरीवर चालतो. लागतो तो परवाना, आणि त्याची परीक्षा सरकार घेतं. वयाची वरची अट नाही, हे मी आधी बघून घेतलं.

गेल्या आठवड्यात वरंधला गेलो होतो. पोटमाळ्यावर गोणपाटात ती चिनी मातीची दोन अंडी सापडली, एकाचा टवका उडालाय. आजोबांची तार मात्र ट्रान्झिस्टर आल्यावर कपडे वाळत घालायला गेली आणि मग कुठे गेली कुणास ठाऊक. फणस आहे. काकूने टेपचं एक टोक आढ्याखाली धरलं आणि मी दुसरं घेऊन फणसापर्यंत गेलो. एकवीस मीटर आणि वर थोडे.

तेव्हा भाच्या, येताना चांगली केबल आण, पन्नास ओमची, पंधरा मीटर. मी अभ्यासाला लागलोय. मोर्स अजून काही डोक्यात शिरत नाही.