पानाची रुंदी

२००८ साली मी निवृत्त झाले आणि त्याच पावसाळ्यात भाच्याने मला जालावर लिहायला ही जागा करून दिली. सगळे जमवता जमवता त्याने विचारले, "मावशी, पान किती रुंद ठेवू?" मी आयुष्यभर वह्या तपासलेली बाई. मला फुलस्केप, ए-फोर आणि दोनशे पानी वही एवढीच मापे ठाऊक. मी म्हटले, "माझ्या पडद्यावर छान दिसेल एवढे ठेव." त्याने ९६० हा आकडा टाकला आणि आम्ही चहा प्यायला उठलो.

त्या उत्तरात माझी एक चूक होती. ती कळायला मला काही महिने लागले, आणि तिच्यामागचा इतिहास कळायला काही वर्षे. आज मंडळींना तोच इतिहास सांगते. इंग्रजीतले सगळे मला झेपत नाही, पण भाचा समजावून देतो आणि शब्दकोश उशाशी असतो.

आधी तो आकडा. संगणकाचा पडदा बारीक बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. त्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. १९८७ साली आयबीएमने व्हीजीए आणले, त्यात पडदा ६४० ठिपके रुंद आणि ४८० उंच असे. पुढे ८०० बाय ६०० आले, मग १०२४ बाय ७६८. पाने आखणारे लोक बहुतेकांकडे कोणता पडदा आहे ते बघत आणि त्यातून बाजूच्या सरकपट्टीची जागा वजा करून पानाची रुंदी ठरवत. २००६ साली कॅमेरॉन मोल या रचनाकाराने १०२४ च्या पडद्यासाठी ९६० हे माप सुचवले. २००८ साली नेथन स्मिथ यांनी त्यावर '९६० ग्रिड सिस्टिम' नावाची तयार आखणीच करून दिली. ९६० ला २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२, १५, १६ या सगळ्यांनी नि:शेष भाग जातो. म्हणजे पानाचे हवे तेवढे सारखे रकाने पाडा, अपूर्णांकाची कटकट नाही. आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना हा आकडा फार आवडला असता.

गंमत अशी की जालावरच्या पहिल्या पानाला रुंदीच नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ साली ही कल्पना मांडली आणि १९९१ साली ती जगासमोर आली. सर्नमध्ये नाना देशांचे शास्त्रज्ञ आणि नाना तऱ्हेचे संगणक. एकाचे लिखाण दुसऱ्याच्या यंत्रावर उघडावे, हाच मूळ हेतू. त्यामुळे ते पहिले पान साधे होते. खिडकी मोठी केली की ओळी लांबत, लहान केली की आखडत. पाणी जसे भांड्याचा आकार घेते, तसे. ते पान आजही उघडते, आणि माझ्या फोनवरही ओळी न कापता उघडते.

मग रुंदी आली कोठून? मला वाटते, सवयीतून. ताडपत्राच्या पोथीचे पान लांब आणि अरुंद, कारण ताडाचे पानच तसे. पुढे कागद आला. कागद हवा तसा कापता येतो, तरी आपल्या पोथ्या आडव्याच राहिल्या. छापखाने आले, तरी पारायणाच्या कितीतरी पोथ्या आडव्याच छापल्या गेल्या. संगणकाचेही तसेच. आयबीएमने १९२८ साली ८० स्तंभांचे भोकांचे कार्ड काढले. पुढे ती कार्डे गेली, पण पडद्यावर एका ओळीत ८० अक्षरे ही रीत कितीतरी वर्षे टिकली. वस्तू जाते, माप मागे राहते.

जालावर पाने आखायला जे आले, त्यातले बरेच छापील मासिके आणि जाहिराती करणारे होते. कागदाला कड असते, आणि त्यांच्या हाताला त्या कडेची सवय होती. पान वाचणाऱ्याच्या खिडकीप्रमाणे हलते हे त्यांना कसे रुचावे? १९९५ च्या सुमाराला पानात तक्ते करण्याची सोय आली. ती खरी आकड्यांसाठी, पण लोकांनी तक्त्याच्या चौकटींत अख्खे पानच बसवले. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या पुस्तकाने ही युक्ती सर्वदूर नेली. एका ठिपक्याचे पारदर्शक, न दिसणारे चित्र ताणून मजकूर हवा तिथे ढकलायचा, हीसुद्धा त्यातलीच युक्ती. पानाखाली पाटी झळकू लागली: '८०० बाय ६०० वर उत्तम दिसते'. म्हणजे तुमचा पडदा तेवढा नसेल तर दोष तुमचा.

आता माझी चूक. माझी थोरली बहीण, आमची अक्का, गावी असे. घरी संगणक नव्हता. आईवर मी लिहिलेला लेख तिच्या नातवाने तालुक्याच्या नेट कॅफेत उघडला. तिथला पडदा ८०० चा. दर ओळीचा शेवट वाचायला पान उजवीकडे सरकवायचे, पुढच्या ओळीसाठी पुन्हा डावीकडे. कंटाळून त्याने लेख छापून घेतला, तर जुन्या ब्राउजरने उजवी कड कापूनच कागद बाहेर काढला. दर ओळीचे शेवटचे दोनतीन शब्द गायब.

पंधरा दिवसांनी तो कागद मला टपालाने आला. अक्काने प्रत्येक ओळीपुढे शिसपेन्सिलीने शब्द भरले होते. फोनवर म्हणाली, "अगं, मला वाटले तू मास्तरीण, गाळलेल्या जागा भरायला दिल्यास." मी खूप हसले. मग कागद नीट वाचला. मी लिहिले होते, 'आई आयुष्यात कधी कोणावर रागावली नाही'. कागदावर 'आई आयुष्यात कधी कोणावर' एवढेच उरले होते, आणि अक्काने पुढे लिहिले होते, 'विसंबली नाही'. अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आईचे उमेदीचे दिवस तिने पाहिले, मी नाही. तिचे वाक्य खरे होते. पण ज्या बाईने आईला माझ्याहून जास्त पाहिले, तिच्यासाठीच माझ्या पानात जागा नव्हती, हेही तितकेच खरे.

वर्गात मी फळ्यावर लिहिताना शेवटच्या बाकावरच्या पोराला दिसते का ते आधी विचारत असे. इथे मात्र मी फक्त माझा पडदा पाहिला.

असे लिहू नका, हे सांगणारा माणूस होताच. जॉन ऑलसॉप यांनी २००० सालीच 'अ लिस्ट अपार्ट' या जालनियतकालिकात लिहिले होते की छापील पानावरची सत्ता इथे आणू नका, पानाचे लवचीक असणे हा त्याचा गुण आहे. फारसे कोणी मनावर घेतले नाही. मग २००७ साली आयफोन आला. त्याचा पडदा ३२० बाय ४८०. एवढीशी खिडकी, म्हणून तो प्रत्येक पान ९८० रुंद आहे असे गृहीत धरून आक्रसून दाखवी, आणि अक्षरे मुंगीएवढी होत. २०१० च्या मे महिन्यात त्याच नियतकालिकात ईथन मार्कोट यांनी तोडगा मांडला, आणि लेखाची सुरुवात ऑलसॉप यांच्याच शब्दांनी केली. रकाने ठिपक्यांत न मोजता टक्क्यांत मोजायचे, चित्रे जागेप्रमाणे आखडू द्यायची, आणि पडदा किती रुंद आहे ते पाहून मांडणी बदलायची. पडद्याला विचारण्याच्या या सोयीला २०१२ साली प्रमाण मानक म्हणून मान्यता मिळाली.

सगळे मोकळे सोडले तरी भागत नाही. फार लांब ओळ संपवून परतताना डोळा चुकतो, म्हणून तर पहिलीतली मुले ओळीखाली बोट ठेवतात. रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांनी अक्षरजुळणीवरच्या १९९२ च्या पुस्तकात रोमन लिपीसाठी ४५ ते ७५ अक्षरांची ओळ बरी मानली आहे. भाचा म्हणतो, "मावशी, रुंदी ठरवायची नाही, कमाल रुंदी ठरवायची." आणि तीही अक्षराच्या मापात, म्हणजे अक्षर मोठे केले की तिनेही वाढावे. मोठ्या पडद्यावर पान त्यापुढे पसरत नाही, लहान पडद्यावर निमूट आखडते.

२०१८ साली जालाच्या सुगमतेच्या नियमांत एक कलम आले: ३२० ठिपक्यांच्या रुंदीतही मजकूर आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे. हा आकडा फोनवाल्यांपुरता नाही. १२८० चा पडदा असणाऱ्याने अक्षरे चौपट मोठी केली की त्याच्यापाशी एवढीच जागा उरते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी मी तशीच वाचत होते.

अक्का २०१३ साली गेली. माझे पान त्यानंतर वर्षभराने नीट झाले. आईवरच्या लेखात मी ती ओळ मात्र अक्काची घातली आहे. तो कागद कपाटात आहे, पेन्सिलीचे अक्षर अजून वाचता येते.